डब्यात मोबाईल टाका

वकीलबाईंकडे गेलेल्या माणसाला त्या आधी बसा म्हणायच्या नाहीत. टेबलावरचा स्टीलचा पोह्यांचा डबा पुढे सरकवायच्या आणि म्हणायच्या, "मोबाईल टाका ह्यात." टाकला की झाकण घट्ट लावायच्या. मग आतला फोन थरथरायला लागायचा, टेबल गुरगुरायचं, समोरचा माणूस कासावीस व्हायचा. बाई तिकडे बघायच्याही नाहीत. "हां. आता सांगा, पोलिसांनी कधी उचललं?"

इंदापुरात कोर्टाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानामागे त्यांची खोली होती. बाई मूळच्या पळसदेवच्या. आजोबांनी मेंढरं राखली, वडिलांनी ऊस लावला, आणि ह्यांनी काळा कोट घातला. चालणं मात्र आजोबांकडून आलेलं. कोर्टाच्या आवारात त्या निघाल्या की आमच्यासारखे धडधाकट पक्षकार मागे धापा टाकत असायचे. त्यांचं नाव पाटीवर होतं, पण ते कुणी घेत नसे. बारामतीपासून बावड्यापर्यंत त्या नुसत्या वकीलबाई.

तो डबा माझ्यासारख्या गाढवांसाठीच होता, हे मला उशिरा कळलं. बावड्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. माझा धाकटा भाऊ संजू दूध घालायचा, शेती बघायचा. कालव्याच्या चारीच्या पाण्यावरून भांडण झालं आणि त्यानं शेजारच्या माणसाच्या हातावर फावड्याचा दांडा घातला. हात मोडला. संजूनं मारलं होतं, खोटं कशाला सांगू. पोलीस त्याला घेऊन गेले तेव्हा त्याची बायको माहेरी होती. मुलगी होऊन तीन दिवस झाले होते, आणि बाराव्या दिवशी बारसं होतं.

मी काय केलं? वकील शोधला नाही. गावातले चार शहाणे म्हणाले, साहेबांना भेट, एका फोनचं काम आहे. मी गाडी काढून बारामती गाठली. त्या पुढाऱ्याच्या बंगल्याच्या व्हरांड्यात सकाळपासून बसलो. दोनदा चहा आला. त्यांचा माणूस दर तासाला येऊन सांगायचा, फोन झालाय, सुटतोय तो. दुपारी तीनला मला कळलं की संजूला इंदापूरच्या कोर्टात हजर करून कोठडीत पाठवलंसुद्धा. वकील आहे का, नसेल तर सरकारतर्फे देऊ का, असं न्यायाधीशांनी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "माझा भाऊ येतोय वकील घेऊन." भाऊ बारामतीत दुसरा चहा पीत होता.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंसमोर उभा राहिलो. मी म्हटलं, पुण्याचा मोठा वकील लावू का? "लावा की," त्या म्हणाल्या. "पण रोज अकरा वाजता हितं हजर असणारा आधी बघा." मग त्यांनी एक प्रश्न विचारला. "काल तो पिंजऱ्यात हुबा होता तवा दारात कोण होतं?" त्या काल दुसऱ्या कामासाठी त्याच कोर्टात होत्या. "तीनदा वळून बघितलं त्यानं दाराकडं," त्या म्हणाल्या. "घरचं माणूस दिसलं पाहिजे हो, बापूराव. वकील नंतर."

इतका अपमान माझा कुणी केला नव्हता. रागानं कान तापले, आणि तरीही जागचा हललो नाही, कारण बाई खरं बोलत होत्या.

त्यांना अडाण्याचा राग येत नसे, अर्धवट शहाण्याचा यायचा. कुणी म्हणालं, जामीन झाला म्हणजे केस मिटली, तर त्या पेन खाली ठेवायच्या. "जामीन म्हंजी सुटका न्हाय, आन कुणाची मेहरबानी तर अजिबात न्हाय. तारखेला हजर राहीन, असा दिलेला शब्द हाय." काही गुन्ह्यांत पोलिसांना जामीन ठाण्यातच द्यावा लागतो, तो आरोपीचा हक्क असतो. काहींत कोर्टाकडे मागावा लागतो. संजूचं कलम दुसऱ्या प्रकारातलं. अटक झाली की तीन गोष्टी विचारायच्या, हे त्या प्रत्येकाकडून पाठ करून घ्यायच्या: माणूस कुठल्या ठाण्यात आहे, कलम कोणतं लावलंय, आणि फिर्यादीची प्रत कुठं आहे. मीही शाळेतल्या पोरासारखं म्हणून दाखवलं.

बाईंनी अर्ज केला, भांडल्या, आणि बारशाला चार दिवस असताना जामीन मंजूर झाला. मी पेढे आणायला निघालो तर त्यांनी माझ्या शर्टाची बाही धरून मागे ओढलं. आता जामीनदार पाहिजे. ज्याच्या नावावर जमीन आहे, असा माणूस सातबारा घेऊन कोर्टात उभा राहायला हवा. आमच्या वडिलांच्या वाटणीची नोंद कधी झालीच नव्हती. सगळी जमीन चुलत्यांच्या, म्हणजे नानांच्या नावावर. आमच्या मांडीला मांडी लावून ज्यांनी जेवणं केली ते नाना, मला वाटलं, धावत येतील.

नाना आले नाहीत. "सातबारा कोर्टात गेला की जमीन गेली," म्हणाले. दोन दिवस मी त्यांच्या दारात गेलो. तिसऱ्या दिवशी बाई स्वतः आल्या. ओसरीवर बसून त्यांनी समजावलं की संजू तारखेला येत राहिला तर जमिनीला कुणी हात लावणार नाही, आणि पळालाच तर कोर्ट ठरलेली रक्कम मागेल, रान नाही. नाना छताकडे बघत राहिले. पुतण्या कोठडीत, आणि हा माणूस तंबाखू मळत होता. तो तळहात आजही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

तेवढ्यात काकी चहा घेऊन आली. बाईंनी कप घेतला आणि तिला विचारलं, "तुमच्या नावावर काय हाय, मावशी?"

काकी गोंधळली. पन्नास वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. मग पदर सावरून म्हणाली, "वडगावला हाय की. माहेरचं. वीस गुंठं." नाना उठून उभे राहिले. काकीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. "देती मी," ती म्हणाली. "पोराला न्हाऊ घातलंय मी."

वडगाव निंबाळकरचा उतारा काढून, तपासून, आदेश तुरुंगात पोचेपर्यंत दोन दिवस गेले. बारसं होऊन गेलं होतं. लेकीचं नाव संजूला मी तुरुंगाच्या दारात सांगितलं. तो हसला नाही, रडलाही नाही. अजूनही घरात झोपला तर दार उघडं ठेवतो, थंडीतसुद्धा.

बाई गेल्या वर्षी गेल्या. कावीळ झाली म्हणाले, आठ दिवसांत आटोपलं. चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. त्यावर त्या बारामतीच्या पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो बाईंच्या फोटोच्या दुप्पट होता. मी शिडी लावून तो फ्लेक्स उतरवला. चार लोक म्हणाले, बरं दिसत नाही. मला फार बरं दिसलं.

परवा सकाळी नाना दुकानात आले. नानांच्या मुलाला आदल्या रात्री मारामारीत पोलिसांनी नेलं होतं. नाना कानाला फोन लावूनच आत शिरले. पलीकडून कुणीतरी सांगत होतं, साहेब मीटिंगमध्ये आहेत, थांबा. वाटलं, म्हणावं थांबा मग. वाटलं, तंबाखू मळत बसावं त्यांच्यासमोर. इतक्या वर्षांचा राग असा घशाशी आला की हातातला पाना खाली ठेवावा लागला. मग दारात उभी असलेली काकी दिसली.

नटबोल्टचा डबा मी पालथा केला आणि नानांच्या पुढे धरला. "मोबाईल टाका ह्यात," म्हटलं. "कलम कोणतं लावलंय?"

आता वाटणीची नोंद झाली आहे, सातबाऱ्यावर माझं नाव आहे. त्याचा उतारा मी खिशात घातला. राग काही गेला नव्हता, तो तसाच घेऊन गाडीला किक मारली. वाटेत संजूला फोन केला आणि बाईंच्या हाताखाली तयार झालेल्या एका वकिलाला गाठलं. आम्ही कोर्टात पोचलो तेव्हा अकराला पाच कमी होते, आणि संजू आमच्या आधीच येऊन दारात उभा होता. नानांच्या पोराला आत आणलं. त्यानं एकदा दाराकडे वळून पाहिलं, आम्ही दिसलो, आणि तो पुन्हा वळला नाही.