ढिला भारा

रुखमाबाईंनी सिंदेवाहीकडच्या एका शाळेत बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण 'ग्रेस' या शब्दाशी त्यांचं कधी जमलं नाही. पोरांना त्यातले फक्त ग्रेस मार्क ठाऊक. बाई फळ्यावर सगळं लिहून द्यायच्या: शब्द मूळचा लॅटिन, तिथे अर्थ मर्जी, कृपा आणि आभारसुद्धा, पुढे चालण्यातला डौल, जेवणाआधीची प्रार्थना. संस्कृतातल्या स्तुतीच्या धातूशी त्याचं लांबचं नातं आहे, हे कोशातलंही सांगायच्या. "उदाहरण द्या ना मॅडम," असं कुणी म्हटलं की मात्र चिडायच्या. आपण जन्मात कुणाची कृपा घेतली नाही, जे मिळालं ते मायच्या कष्टाचं, यावर त्या ठाम होत्या.

माय सरवा वेचायची. धानाचे भारे खळ्यावर गेले की शेतात गळलेल्या लोंब्या ज्यानं वेचल्या त्याच्या. आठ वर्षांची रुखमा टोपली घेऊन मागे. ते कोवळं ऊन, धानाच्या ओल्या बांधीचा वास, आणि शेताच्या बांधावर, धुऱ्यावर पडलेली लोंब्यांची लांबच लांब ओळ! ती ओळ पडायची वारलूमुळे. शेतमालकाच्या या सालगड्याचा भारा नेहमी ढिला. "ढिल्या वारलू!" पोट्टे ओरडायचे, त्यात रुखमाचा आवाज सगळ्यांत मोठा. मालकानं दोन हंगाम शिव्या दिल्या, तिसऱ्या हंगामात त्याला काढूनच टाकलं. वारलू भामरागडकडे बांबू तोडायला गेला.

यंदा बाईंच्या दीड एकरात चिखल राहिला, कापणीचं मशीन उतरेना, मजूर मिळेनात. तेव्हा केव्हाच गावी परतलेला, आता सत्त्याहत्तर वर्षांचा वारलू आपणहून आला. त्यानं भाऱ्यावर गुडघा रोवला, बंध आवळला, पीळ देऊन टोक आत खोचलं. भारा असा, की फेकला तरी लोंबी गळू नये.

बाई बघतच राहिल्या. "वारलूभाऊ, हे कधी शिकले?"

"बापानं शिकवलं. मिसरूड बी फुटली नोती तवा."

"मंग मालकाच्या शेतात ढिला काऊन बांधत होते?"

"काम करू दे ना, रुखमा."

"मले उत्तर पायजे."

"इथी शाळा भरली काय?" त्यानं दुसरा बंध उचलला. "तुही माय अंगात ताप असला तरी एकेका लोंबीसाठी शेतभर वाकत फिरे. मले पायवत नोतं. बस."

"अन् तुमचं काम गेलं! मी तुमाले ढिल्या म्हणत होती!"

"माही बायको बी म्हणे." म्हातारा खो-खो हसला. "आता रडत बसशील तं ऊन उतरन. हात लाव."

बाईंनी पदर खोचला आणि भारा त्याच्या डोक्यावर चढवून दिला. तो धुऱ्यावरून ताठ चालला, एक हात मोकळा सोडून. बाई मागून निघाल्या. एवढी शिकलेली बाई, पण खळं येईपर्यंत त्यांना आभाराचं एक वाक्य जुळेना.

"आज जेवाले घरी या," त्या शेवटी दरडावून म्हणाल्या.

वारलूनं भारा खाली टाकला. "भाजी कोणची?"