मुलींच्या नसा मंद नाहीत

मैत्रिणींनो, हा कागद वाचून खाली आपलं मत लिहा आणि गल्लीतल्या पुढच्या घरी द्या. माझं डोकं अजून तापलेलंच आहे.

आमच्या मेडिकल कॉलेजात निरोगी तरुणांच्या पायांच्या नसा तपासतायत. पायाला विजेचा हलका झटका देऊन तो नसेतून किती वेगानं जातो ते मोजतात. त्यावरून ‘नॉर्मल’ काय ते ठरणार.

आज सकाळी आम्हा मुलींचा नंबर होता. सगळ्यांचाच वेग कमी आला. सर म्हणाले, “मुलींच्या नसा मंदच. यांचे आकडे गाळा.”

मंद? मी टेबलावरून उतरलेच नाही. पायाला हात लावून पाहिला, तर गारठलेला! मग उमगलं. सरांनी आपल्या पायाला हात लावायचा, या संकोचानं आम्ही प्रत्येकीनं नळावर पाय धुतले होते आणि ओल्या पायांनीच पंख्याखाली बसलो होतो. गार पायात नस हळू चालते, हे तर सरांनीच शिकवलेलं.

“सर, पाय शेकून परत मोजा.”

“पोदुम्! पुरे झालं.” सर चिडले की तमिळवर येतात.

“मग मी इथून हलत नाही.”

शेवटी गरम पाण्याच्या पिशव्या आल्या. माझा वेग मुलांच्या बरोबरीचा निघाला. उद्या सगळ्या मुलींची तपासणी पुन्हा होणार.

आई म्हणते, “सरांपुढे धुळीचे पाय घेऊन जाशील?”

जाईन. पायाला धूळ चालेल, पण ‘नॉर्मल’मधून आम्हाला गाळलेलं चालणार नाही. तरुण मुली आणखी हव्यात. कोण येतंय, पाय न धुता?