सर्व रहिवाशांकरिता

गावालगतच्या वस्तीतून नदीकाठच्या स्मशानाकडे जाणारी वाट एका बागाईतदाराने तार ओढून बंद केली, तेव्हा मी शाळेतून नुकताच निवृत्त झालो होतो. वस्तीतली माणसं आमच्याच शेतांत मजुरी करणारी, दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जाणारी. तार लागली त्याच आठवड्यात त्यांना तिरडी घेऊन नाल्यातून, गुडघाभर चिखलातून जावं लागलं. दुसऱ्या दिवशी सगळी माझ्या ओट्यावर आली.

"गुरुजी, तुम्हले लिखता-बोलता येस," एक म्हातारी म्हणाली. तिरडीवर तिचाच नवरा होता. "तुम्ही आमनाकरता उभं ऱ्हा."

शहाद्याच्या वकिलांनी समजावून सांगितलं. प्रत्येकाने वेगळा दावा करायची गरज नाही. एकजण सगळ्यांच्या वतीने उभा राहू शकतो, मात्र त्याचाही त्या वाटेवर हक्क हवा आणि कोर्टाची परवानगी हवी. हक्क माझाही होता. माझ्या वडिलांना त्याच वाटेने नेलं होतं.

परवानगी मिळाली. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आली. तिच्यात माझं नाव, आणि पुढे ‘स्वतःकरिता व वाटेचा वापर करणाऱ्या सर्व रहिवाशांकरिता’. ते कात्रण मी खिशात घेऊन हिंडायचो. एसटी स्टँडवर ओळखीचं कुणी भेटलं की काढून दाखवायचो. आज हे लिहितानाही कान गरम होतात.

मग तारखा पडत गेल्या. एका सकाळी तो बागाईतदार घरी आला. लांबचा भाऊबंदच तो.

"काका, तुमनी केळीले पानी पुरत नही ना? मन्हा बांधवरथून पाइपलाइन टाका. फक्त दावा मांगे ल्या."

दोन दिवस विचार केला, असं मी पुढे लोकांना सांगितलं. खरं तर कपातला चहा संपायच्या आत मी हो म्हणालो होतो.

आठवडाभरात पाइप पडला. वस्तीत मी फिरकलोही नाही. वकील म्हणाले, "गुरुजी, असं परस्पर करता येत नाही." मी म्हणालो, "वादी मी आहे. तुम्ही अर्ज द्या."

न्यायाधीश बाईंनी अर्ज वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"बाकीच्यांना विचारलंत?"

"मॅडम, दावा माझा आहे."

"तुमचा एकट्याचा नाही. परवानगी त्यांच्यासाठी दिली होती. त्यांना नोटीस गेल्याशिवाय तुम्हाला दावा मागे घेता येणार नाही."

समोर बसलेला कारकून माझा जुना विद्यार्थी. त्याने मान वर केली नाही. माझी लाज राखायलाच नव्हती केली, हे मला कळलं.

पुढच्या तारखेला वस्ती टेम्पोत बसून आली, एका दिवसाची मजुरी सोडून. म्हातारी पुढे झाली आणि तिने बाईंना विचारलं, "अंगठा चालस का? यासनी जागावर मन्हं नाव लिखा."

"चालतो," बाई म्हणाल्या. वकिलांनी रीतसर अर्ज दिला. कोर्टाने माझं नाव काढून तिथे तिचं घातलं.

बाहेर व्हरांड्यात ती माझ्यापाशी थांबली. मला वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"गुरुजी, तुम्ही आम्हले इचारं नही," एवढंच म्हणाली.

पुढे वडिलांच्या अंत्ययात्रेबद्दल साक्ष द्यायला मला बोलावलं. रक्तदाब वाढल्याचं सांगून मी गेलो नाही. उलटतपासणीत पाइपलाइनचं निघेल, ही भीती. माझ्याऐवजी वस्तीतल्या एका आंधळ्या म्हाताऱ्याने साक्ष दिली. ती वाट कुठे वळते, कुठे चढते, ते त्याने पावलांच्या हिशोबाने सांगितलं म्हणे.

निकाल त्यांच्या बाजूने लागला. तार निघाली. मला ते दुसऱ्यांकडून कळलं.

माझ्या केळीला पाणी पुरतं आता. वस्तीतली माणसं रस्त्यात भेटली की अजून "राम राम, गुरुजी" म्हणतात. पण अर्ज लिहून घ्यायला माझ्या ओट्यावर कुणी येत नाही. म्हातारीची नात बारावीला आहे, ती लिहून देते.