सांगायचं काम सासूबाईंकडे

आमच्या गल्लीत कोणी "मास्तर" अशी हाक मारली की माझ्या मोठ्या जाऊबाई मान वर करतात. शाळेशी त्यांचं कधीच जमलं नाही. पण शिवणकाम करणाऱ्याला मास्तर म्हणायची रीत आहे आणि तो मास्तर बाई असेल तर काय म्हणायचं हे कोणी ठरवलेलं नाही, म्हणून त्याही मास्तरच. मी त्यांना ताई म्हणते. त्या खाली राहतात, आम्ही वर. रस्त्याकडची खोली म्हणजे दुकान. खिडकीशी मशीन, भिंतीला आरसा, दांडीवर टांगलेले लोकांचे कपडे.

नवं शिवण्यापेक्षा जुनं दुरुस्त करण्यात त्यांचा हात. बारीक झालेल्याचा कोट आत घ्यायचा, अंगाने भरलेल्याची पँट सैल करायची, थोरल्याचा शर्ट धाकट्याला बसवायचा. कमरेला टेप लावली की माणूस श्वास आत ओढतो. ताई टेप तशीच धरून गप्पा काढतात आणि त्याने श्वास सोडला की मग आकडा बघतात. "पोट घरी जाऊन बाहेर येणारच आहे," त्या म्हणतात, "मग इथेच येऊ दे."

त्यांची मुलगी रांगत होती तेव्हा त्यांना मनाचा एक आजार पहिल्यांदा झाला. डॉक्टर त्याला दोन टोकांचा आजार म्हणतात. एका टोकाला माणूस वाऱ्यावर स्वार असतो. झोप लागत नाही आणि लागत नाही याचं काही वाटतही नाही, डोक्यात कल्पनांची रीघ, तोंडाला खळ नाही. दुसऱ्या टोकाला उठून चूळ भरायची म्हटली तरी डोंगर. मधली वर्षं चांगली जातात, इतकी चांगली की सगळे विसरून जातात. मग तो परत येतो. ताई त्याला सवत म्हणतात. "माझी सवत येऊन गेली," असं त्या मागाहून सांगतात आणि मोठे भाऊजी म्हणतात, "मला एकच झेपत नाही."

पण मुलगी नववीत होती त्या वर्षीचा फेरा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ताईंनी ठरवलं की गल्लीतल्या प्रत्येक मुलाला एकसारखा कोट शिवायचा. कापडासाठी त्यांनी घरातले सगळे पडदे उतरवले. ते पुरेनात म्हणून भाऊजींचा लोकरीचा कोट घेतला, माझी चादर घेतली आणि मग दुकानात दुरुस्तीला आलेले कपडे कापायला सुरुवात केली. आम्ही समजवायला गेलो की त्या आम्हालाच समजवायच्या आणि घटकाभर ते पटायचंही. शेवटी भाऊजींनी आणि माझ्या नवऱ्याने त्यांना धरून गाडीत बसवलं. त्या ओरडत होत्या. गल्ली दारादारांत उभी राहून बघत होती.

हॉस्पिटलातून त्या परत आल्या त्या दिवशी घर लखलखीत होतं. सासूबाईंनी पहाटेपासून झाडलोट केली होती. भाऊजी पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला आहेत, त्यांनी पाळी बदलून घेतली होती. ताई हळूहळू पायरी चढल्या. चेहरा सुजल्यासारखा, हात किंचित कापत होते, औषधांनी तसं होतं. त्या खुर्चीवर बसल्या आणि आम्ही सारे त्यांच्यासमोर उभे राहिलो, कोणी तपासणीला आल्यासारखे. सगळे हळू आवाजात बोलत होतो. मुलगी तर पेला ठेवतानाही आवाज होऊ देत नव्हती.

पडदे नव्हतेच, म्हणून आम्ही काचांना वर्तमानपत्रं चिकटवली होती. ताईंनी ती बघितली. "खिडक्यांना वाचायचा नाद लागलेला दिसतो," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

आमच्यातलं कोणी हसलं नाही. आम्ही एकमेकांकडे बघितलं. हे हसणं बरोबर आहे का जास्त आहे, एवढंच प्रत्येकाच्या डोळ्यात होतं. ताईंनी ते बघितलं आणि हसू आवरतं घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात गेल्या तर कात्री नव्हती. लहान नाही, मोठीही नाही. स्वयंपाकघरात गेल्या तर सुरीही नव्हती. सासूबाई भाजी हाताने मोडत होत्या.

"आई, भाजीवर कसला राग?" ताईंनी विचारलं.

सासूबाई काही बोलल्या नाहीत, आणि त्यांचं गप्प बसणं म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवणं. ताई समजल्या. कात्र्या मुलीने लपवल्या होत्या हेही त्यांच्या लक्षात आलं, कारण ती आईच्या नजरेला नजर देईना. ताईंनी तिला विचारलं नाही. दुकानात जाऊन नुसत्या मशीनपाशी बसल्या.

पुढचे काही दिवस असेच गेले. त्या हसल्या की आम्ही चपापायचो, गप्प बसल्या की घाबरायचो. भाऊजी गोळ्या त्यांच्या पाठीमागे मोजायचे आणि मोजताना पकडले गेले की खोकायचे. एकदा मी कपडे वाळत घालत होते तेव्हा ताई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "हसले तर जास्त होतं, गप्प बसले तर कमी पडतं," त्या म्हणाल्या. "मला कोणीतरी माप द्या, त्या मापाचं हसू शिवते."

मी पुढचा ओला कपडा झटकायला घेतला.

त्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर कोणी उठायच्या आत त्यांनी सगळ्यांना बसवून ठेवलं. आवाज शांत होता, पण हात ताटाच्या कडेला घट्ट होता.

"तुम्हाला माझी भीती वाटते," त्या म्हणाल्या. "वाटणारच. मलाही वाटते. आजार परत येणार हे मला माहीत आहे. तो येतो तेव्हा मला कळत नाही. तेव्हा मला वाटतं की आयुष्यात पहिल्यांदाच मी बरी झाले आहे. म्हणून तुमच्यापैकी एकाने मला तोंडावर सांगायचं. सगळ्यांनी मिळून कुजबुजायचं नाही. एकाने सांगायचं आणि मी ऐकायचं. तेव्हा पटो न पटो, ऐकायचं. हे मी आत्ता, शुद्धीवर असताना कबूल करते."

भाऊजी म्हणाले, "मी सांगेन."

"तुम्ही नाही सांगणार. तुम्ही आधी आठवडाभर मनाची तयारी कराल."

मुलगी म्हणाली, "आई, मी सांगते." ताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "तू नाही. तू अभ्यास कर, मैत्रिणींशी भांड. आईवर पहारा ठेवायचं तुझं वय नाही." मग थांबून म्हणाल्या, "कात्री कुठे आहे ते मात्र सांग. नाहीतर तुझ्याच शाळेच्या गणवेशाची शिवण उसवलेली राहील." मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती उठली आणि तिने धान्याच्या डब्यातून दोन्ही कात्र्या काढून आणल्या.

मला वाटलं, आता माझा नंबर. पण ताई सासूबाईंकडे वळल्या.

इथे सांगायला हवं की या दोघींचं लग्नाच्या दिवसापासून विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं. सासूबाईंनी ताईंच्या हातचा चहा कधी गोड म्हटला नाही, आणि ताईंनी त्यांना विचारून कधी एक बटण लावलं नाही.

"आई, तुम्ही सांगायचं," ताई म्हणाल्या. "इतक्या वर्षांत तुम्ही माझ्याशी एकदाही गोड खोटं बोलला नाहीत. तेच मला हवंय."

सासूबाई पदर चाचपत बसल्या. मग म्हणाल्या, "मी सांगितलेलं तू कधी ऐकलंयस?"

"नाही. आता ऐकेन."

"बघू," सासूबाई म्हणाल्या आणि ताटं उचलायला लागल्या. पण त्या दिवसापासून त्यांची खुर्ची स्वयंपाकघरातून दुकानाच्या दारात आली.

कात्री मिळाल्यावर ताईंनी आधी मशीन उघडलं नाही. ज्यांचे कपडे त्यांनी कापले होते त्यांच्याकडे त्या स्वतः गेल्या. मी सोबत होते. बहुतेक लोक भले निघाले. कोणी "जाऊ दे हो मास्तर" म्हणालं, कोणी त्यांच्याकडे न बघताच मान हलवली. शेवटचं घर चष्म्याच्या दुकानदाराचं होतं. त्यांची बायको वारली होती आणि तिचा निळा कोट त्यांनी मुलीच्या मापाचा करायला दिला होता. ताईंनी त्याचे तुकडे केले होते. ते सगळे त्यांनी शोधून, धुऊन, इस्त्री करून आणले होते.

"तो आता जोडून पूर्वीसारखा होणार नाही," ताई म्हणाल्या. "मी आजारी होते हे खरं आहे. पण कापला मीच. तुमच्यासमोर येऊन हे सांगायला हवं होतं."

दुकानदारांनी तुकडे हातात घेतले. एका तुकड्याला खिसा तसाच होता, त्यात त्यांनी दोन बोटं घातली. मग "बरं" म्हणाले आणि दार लावून घेतलं.

परतताना मी ताईंची समजूत घालू लागले की येतील हो ते, विसरतील. ताई म्हणाल्या, "का विसरावं त्यांनी?" आणि खरोखरच ते गृहस्थ पुन्हा आमच्या दुकानात आले नाहीत. आजही ते कपडे दुसरीकडे देतात. ताई मात्र नवा चष्मा त्यांच्याकडेच करतात. तिथे दोघं कामापुरतं बोलतात.

दुकान सुरू झालं. हात कापायचे म्हणून ताई सुरुवातीला फक्त काज-बटण आणि तुरपाई घ्यायच्या, कापण्याचं काम नाही. सुईत दोरा जाईना तर मुलीला हाक मारायच्या, लाजायच्या नाहीत. हळूहळू हात स्थिर झाला. नवे पडदे आले. घरात आवाज चढायला लागले. वर्ष सरलं.

मग एका सकाळी, दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी असताना, दारातल्या खुर्चीवरून सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, तू परवापासून फार भरभर बोलतेयस. काल तीन पँटी एकदम उसवून ठेवल्यास आणि एकही शिवली नाहीस."

मी जिन्यावर होते, तिथेच थांबले. ताईंचा चेहरा लाल झाला. "तुम्हाला मी आनंदात असलेली कधी बघवलीच नाही," त्या म्हणाल्या. "माणसाने काम करायचं का तुमच्या घड्याळाने श्वास घ्यायचा?" आणखीही बरंच बोलल्या, गिऱ्हाइकांसमोर, मी ते लिहीत नाही. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. "बोल," म्हणाल्या. "बोलून झालं की ठरल्याप्रमाणे कर."

ताई कात्री हातात धरून उभ्या होत्या. त्यांना ते पटलेलं नव्हतं, अजिबात नव्हतं, हे कोणालाही दिसलं असतं. त्यांच्या मते त्या ठणठणीत होत्या आणि समोर एक म्हातारी वाकडेपणा करत होती. तरी त्यांनी कात्री टेबलावर ठेवली. गिऱ्हाइकांना म्हणाल्या, "मला डॉक्टरांकडे जायचंय. कपडे उद्या न्या." आणि सासूबाईंना म्हणाल्या, "चला. पण तुमचं चुकलेलं निघालं तर बघा."

चुकलेलं निघालं नाही. डॉक्टरांनी औषध वाढवलं, काही दिवस घरी विश्रांती सांगितली, आणि त्या वेळी हॉस्पिटल टळलं. मी आयुष्यात धीराची माणसं पाहिली आहेत. पण आपलं मन ओरडून एक सांगत असताना, न पटलेल्या दुसऱ्याच्या शब्दावर उठून जाणं, हा धीर मी एवढ्या एकाच माणसात पाहिला.

नेहमी टळतं असं नाही. त्यानंतर एकदा त्यांना पुन्हा दाखल व्हावं लागलं. तेव्हा त्यांनी पिशवी स्वतः भरली आणि दुकानाच्या दारावर कागद लावला: "हॉस्पिटलात आहे. बरी झाले की येते." कोणतं हॉस्पिटल हे सगळ्यांना माहीत होतं. भाऊजींना तो कागद आवडला नव्हता, पण त्यांनी तो काढला नाही.

परत आल्यावर थोड्याच दिवसांत एक अनोळखी बाई पँट घेऊन दुकानात आल्या. त्यांच्या मुलाची होती, आखूड करायची होती. ताईंनी पँट उलगडली, शिवण बघितली, बाईंच्या तोंडाकडे बघितलं आणि खुर्ची पुढे ओढली. मला चहा टाकायला सांगितलं. मी चहा घेऊन आले तेव्हा त्या बाई मुलाला दाखल करावं लागल्याचं सांगून डोळे पुसत होत्या आणि ताई सांगत होत्या की पहिल्यांदा दाखल केलं तेव्हा आपल्याला नवऱ्याचा किती राग आला होता आणि तो किती दिवसांनी गेला. दोघी जेवणवेळेपर्यंत बसल्या.

त्या गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय काम होतं?"

"पँट आखूड करायची होती."

"मग दिसत नाही ती कुठे. घेतली नाहीस?"

"मापात होती, आई," ताई म्हणाल्या आणि मशीनला दोरा लावायला घेतला.