बोटीवर धरलेली पात

भागूबाई ठोंबरे यांचा राग खोपोलीपासून कर्जतपर्यंतच्या गावांना ठाऊक आहे. भाताच्या आवणीला, म्हणजे रोपं लावायला, बायकांची टोळी हवी असली की शेतकरी त्यांच्याकडे येतो आणि जेवण वेळेवर मिळेल, हे त्यांनी विचारायच्या आधीच सांगून टाकतो. एकाने मागे उशीर केला होता. भागूबाईंनी बायका चिखलातून बाहेर काढल्या, रोपांच्या मुठी पाण्यात तशाच सोडल्या आणि त्या घरी निघून गेल्या. तो शेतकरी संध्याकाळी जेवणाचं पातेलं टेंपोत घालून त्यांच्या दारात आला.

टोळीची शिस्त साधी आहे. प्रत्येक बाई आपली पात धरते, म्हणजे खाचरातला आपल्या वाट्याचा पट्टा. जिची पात आधी संपते ती मागे राहिलेलीची पात अर्धी उचलते. सगळ्यांची संपेपर्यंत बांधावर कोणी बसायचं नाही. चपला बांधावर ओळीने ठेवायच्या, टाचा शेताकडे, म्हणजे बाहेर आल्यावर पाय थेट आत जातो.

गेल्या ऑक्टोबरात निंदणी उरकली होती, कापणीला अवकाश होता, तेव्हा ही टोळी मुंबईला, जहाजाने एका बेटाच्या सफरीला गेली. सकाळी जायचं, बेटावर तासभर उतरायचं, संध्याकाळी परत. तिकिटं भागूबाईंच्या पुतणीने, संध्याने मोबाइलवरून काढली. हट्ट मात्र जिजाबाई उघडे यांचा होता. जिजाबाई माथेरानच्या उतारावरच्या ठाकूरवाडीतल्या, टोळीत सगळ्यात वयस्कर. लहानपणी शेरडं घेऊन त्या डोंगराच्या कडेला जात, तेव्हा लांब समुद्र चकाकताना दिसे आणि त्यात एक काळा ठिपका. ते बेट आहे, असं त्यांना बापाने सांगितलं होतं.

"तिथनं आपला डोंगर दिसतो का, तेवडं बघायचंय," त्या म्हणत.

"दिसला नाय तर?" भागूबाईंनी विचारलं होतं.

"मग बापाला वर गेल्यावर शिव्या घालीन."

धक्क्यावरचं जहाज जुनं होतं. एके काळी ते कोकणात उतारू नेत असे. आता पांढऱ्या रंगाच्या थरांवर थर चढले होते आणि खिळ्यांच्या डोक्यांभोवती गंज तरीही वर येत होता. भागूबाईंनी जहाजाकडे पाहिलं आणि चपला काढल्या. त्यांचं माहेर पेणकडचं, खाडीकाठचं. होडी ही लक्ष्मी, तिच्यावर चप्पल घालून पाय द्यायचा नाही, हे आईने घातलेलं वळण.

"चपला काढा गं सगळ्यांनी. नेहमीसारख्या ठेवा."

"काकी, इथे कोणी काढत नाही," संध्या म्हणाली.

"कोन काय करतं ते मी इचारलं नाय."

धक्क्यावर चपलांची ओळ लागली. टाचा जहाजाकडे. जहाजावर चढायच्या फळीशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याने मोबाइल काढून त्या ओळीचे फोटो काढले, हसत हसत बायकांची तिकिटं तपासली आणि एकेकीला आत सोडलं. या परतीपर्यंत इथेच राहतील का, हे त्याने विचारलं नाही. आत अनवाणी चालत नाही, हेही सांगितलं नाही.

जहाज सुटलं. दहा-साडेदहापर्यंत लोखंडी डेक तापला. भाजत होतं म्हणून बायका सावलीच्या पट्ट्यात सरकत राहिल्या. वरच्या मजल्यावर गालिचा होता. तिथे जायला निघाल्या तर एका कर्मचाऱ्याने हात आडवा केला. भागूबाई एवढंच म्हणाल्या, "जाऊ दे. आपल्याला बेटावर उतरायचंय."

बेटाच्या धक्क्याला जहाज लागलं तेव्हा पांढऱ्या शर्टातला व्यवस्थापक दारात येऊन उभा राहिला. त्याने बायकांचे पाय पाहिले.

"अनवाणी प्रवासी उतरणार नाहीत. नियम आहे. तुम्ही बाजूला थांबा, बाकीच्यांना जाऊ द्या."

"चडवताना हा नियम कुटं होता?"

"मावशी, खाली कालवांचे दगड आहेत, धारदार शिंपल्यांचे. पाय कापला तर जबाबदारी आमची."

भागूबाईंनी कठड्याला धरून तळवा वर केला. "हे बघ. ह्यात कालव शिरंल का कालवाचंच तोंड फुटंल?"

मागे कोणीतरी हसलं. व्यवस्थापक हसला नाही. चपला कशासाठी काढल्या, असं त्याने विचारलं. भागूबाईंनी सांगितलं. तेव्हा मात्र तो हसला.

"अहो, ही काय होडी आहे का? भंगारात जायच्या वयाचं लोखंड आहे हे."

भागूबाईंचा आवाज तिथे चढला. त्याच्या माणसाने फोटो काढले ते त्यांनी ऐकवलं. डेकवर पाय भाजले ते ऐकवलं. "तुज्या लोखंडाला आमी मान दिला आन् तू आमाला हसतोस? तुजं पोट ह्याच्यावर चालतं ना रं?"

पण राग सगळाच त्याच्यावर नव्हता. चपला काढायचा हुकूम त्यांचा स्वतःचा होता, आणि त्यापायी जिजाबाई दारातूनच परत जाणार होत्या. संध्याला हे कळत होतं. तिने पायातून आपल्या चपला काढल्या. सगळ्यांत तिनेच काकीची नजर चुकवून त्या घातलेल्या ठेवल्या होत्या. त्या तिने जिजाबाईंपुढे सरकवल्या.

व्यवस्थापकाला वाट सापडली. "ठीक आहे. या आजी एकट्या उतरतील."

जिजाबाईंनी उतरावं, एवढंच भागूबाईंना हवं होतं. "जा गं म्हातारे," त्या म्हणाल्या.

जिजाबाईंनी चपलांकडे पाहिलं. "एकली जाऊन डोंगर कुनाला दावू? दगडाला? माजी पात सपली आन् तुमच्या ऱ्हायल्या, तर मी बांधावर बसू?"

भागूबाईंनी मागे वळून टोळीकडे पाहिलं. "पात धरा गं."

बायका खांद्याला खांदा लावून दारात उभ्या राहिल्या, कठड्यापासून कठड्यापर्यंत. उतरायला दुसरी वाट नव्हती. मागचे प्रवासी ओरडू लागले. गॉगल लावलेल्या एका बाईने, या लोकांमुळे आमचा तास वाया चालला आहे, असं सांगितलं. "मग त्याला सांग," भागूबाई म्हणाल्या, "मला काय सांगतेस? मी तर जायलाच निघालेय." कोणीतरी पैसे परत मागितले. मग दोघातिघांनी मागितले. तेव्हा नियम संपला. व्यवस्थापकाने हात झटकला आणि तो दारातून बाजूला झाला.

तासातला निम्मा वेळ गेला होता. बायकांनी जिजाबाईंना मध्ये घेतलं आणि टेकडीची वाट धरली. भागूबाई गेल्या नाहीत. हा माणूस वेळेआधी फळी ओढेल, असं त्यांना वाटत होतं. एक पाय धक्क्यावर, एक फळीवर ठेवून त्या उभ्या राहिल्या. व्यवस्थापक दोनदा येऊन त्यांना आत यायला सांगून गेला. त्या हलल्या नाहीत.

टोळी परतली तेव्हा त्यांनी विचारलं, "दिसला?"

"आधी नुसत्या बिल्डिंगी," जिजाबाई म्हणाल्या. "मग त्यांच्या मागं, निळा. सपाट माथ्याचा. तोच." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "तू बघायला पायजे होतंस गं."

"मी हितं कामाला होते."

मुंबईच्या धक्क्यावर चपलांची ओळ नव्हती. झाडणाऱ्याने त्या भिंतीशी लोटून ढीग केला होता. सकाळचा कर्मचारी फळीशीच होता. भागूबाईंनी त्याला ढिगापाशी नेलं आणि जोड्या लावायला सांगितल्या. तो आधी हसला, मग त्याने दारातल्या व्यवस्थापकाकडे पाहिलं. व्यवस्थापकाने मान फिरवली. कर्मचारी खाली बसला. बायका भोवती उभ्या राहिल्या, आणि कोणती चप्पल कोणाची हे कोणीही त्याला सांगितलं नाही. जोड चुकला की भागूबाई म्हणायच्या, "पुन्ना."

ओळ लागल्यावर त्यांनी ती नीट पाहिली. "उलटी लावलीस. टाचा बोटीकडं पायजेत."

त्याने पुन्हा लावली.

या वर्षी टोळीतल्या बायका पुन्हा बेटावर जायचं म्हणतात. भागूबाई तयार आहेत. डोंगर त्यांचा बघायचा राहिला आहे. चपला पायातच ठेवणार, असं त्या सांगतात, आणि ते सांगताना त्यांचा आवाज अजून चढतो. आईचं वळण त्यांनी कधी मोडलं नव्हतं. ते त्या माणसाने मोडायला लावलं, म्हणतात, आणि मग त्याला शिव्या देतात.