सुनंदाताई आणि आठवीचा गणिताचा तास

कारंज्याहून फोन आला तेव्हा आमची ऋतुजा शाळेत होती, आठवीच्या वर्गात, गणिताच्या तासाला. सुनंदाताई गेल्या... झोपेतच. सकाळी दूधवाल्याला कोणी दार उघडेना म्हणून शेजाऱ्यांनी पाहिलं. माझे यजमान भांड्यांच्या दुकानाचं शटर ओढून घरी आले आणि आम्ही दोघं तसेच शाळेत गेलो. सहावीतली ही एवढीशी मुलगी पहिल्या बाकावर बसलेली, मागे सगळी तिच्याहून उंच मुलं. आत्या गेली हे कळल्यावर ती खूप रडली. पण गाडी गावाबाहेर पडली तशी हुंदक्यांमधूनच म्हणाली, "अवयव पाडनं आज मले जमलं बाबा. आत्याले संध्याकाळी फोन करून सांगनार होती मी."

आता महिना उलटून गेला आहे. ताईंबद्दल लिहायला बसले की रडू येईल असं वाटलं होतं, पण आठवतो तो त्यांचा उत्साहच. माझ्या यजमानांची ही थोरली बहीण. कारंजा घाडगे इथल्या शाळेत त्यांनी नोकरीभर गणित शिकवलं. लग्न केलं नाही, आणि त्याबद्दल विचारलेलं त्यांना आवडत नसे. वर्गात पुस्तकी मराठी, घरात पाय ठेवला की अस्सल वऱ्हाडी. पिपरी मेघेला आमच्याकडे एसटीने यायच्या, पिशवीत संत्री घेऊन, आणि चपला काढायच्या आधीच ऋतुजाला काहीतरी कोडं घालायच्या.

गेल्या पावसाळ्यात शाळेच्या मुख्याध्यापिकांनी आम्हाला बोलावलं. ऋतुजाचं सहावीचं गणित तिला पुरत नाही, इतर मुलं उदाहरण उतरवून घेईपर्यंत ती उत्तर काढून खिडकीबाहेर बघत बसते, तर गणिताच्या तासापुरतं तिला आठवीत बसवू का, असं त्यांनी विचारलं. यजमानांची छाती फुगली. संध्याकाळपर्यंत दुकानात कुकर घ्यायला आलेल्या बायकांनाही ही बातमी कळली होती. मला मात्र धडकी भरली. अकरा वर्षांची पोर, मोठ्या मुलांमध्ये एकटी पडेल, एखाद्या दिवशी चुकली की हसतील, आणि मग आवडीचं गणितही नकोसं होऊन बसेल. घरात दोन-तीन दिवस नुसता वाद. शेवटी यजमान म्हणाले, "ताईले विचारू. ती सांगन थे फायनल."

मला वाटलं, गणिताच्या बाई, त्या हो म्हणणारच. पण फोनवर त्या वेगळंच म्हणाल्या, "मले लहानपनी दोन वर्गं वर चढवलं होतं, माहीत हाये ना तुले? गणित लय मजेचं लागे. पन मधल्या सुट्टीत डबा कोनासंग खाऊ? मोठ्या पोरी बोलत नव्हत्या, आन् माह्या जुन्या वर्गातल्या मैत्रिनी मले मोठी समजत. घाई नका करू. येतो मी शनिवारी." मी हे ऐकून निर्धास्त झाले. ताई माझ्या बाजूच्या निघाल्या!

त्या शनिवारी मी खोबऱ्याच्या वड्या केल्या होत्या. चौकोनी ट्रे, उभ्या-आडव्या सहा-सहा ओळी. ताईंनी डाव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यातली एक वडी उचलून स्वतःच्या तोंडात टाकली, उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यातली ऋतुजाला दिली. "आता उरलेल्या जोडीनं उचल," त्या म्हणाल्या. "एकमेकीले चिकटलेल्या दोन वड्या एका वेळी. तिरप्या चालनार नाई. शेवटी एकही एकटी उरली नाई पाह्यजे."

ऋतुजा उचलू लागली. शेवटी दोन उरल्या, एक इकडे, एक तिकडे. सगळ्या परत मांडल्या, दुसरीकडून सुरुवात केली. पुन्हा दोन एकट्या. जेवणं झाली, तिचं ताट तसंच. तिचे कान लाल झालेले पाहून मला राहवेना. "ताई, सांगून टाका न तिले," मी म्हटलं. त्यांनी माझा हात दाबून धरला आणि हळूच म्हणाल्या, "उत्तर किती लवकर येते थे नाई पाह्यत मी. अडली तं काय करते, थे पाह्यचं हाये."

वड्यांचा पार भुगा व्हायची वेळ आली तेव्हा ऋतुजाने मान वर केली. डोळे चमकत होते. "आत्या, हे होतच नाई. कसंई केलं तरी नाई. पन काऊन होत नाई?"

‘का’ हा प्रश्न ऐकताच ताई खुर्चीतून उठल्याच! "ऐकलं काय मनीषा? काऊन म्हनते पोट्टी, काऊन!" त्यांनी डब्यातून मूठभर पिस्ते काढले आणि एवढंच म्हणाल्या, "एक सोडून एक वडीवर ठेव." ऋतुजाने ठेवले. आडवी ओळ, उभी ओळ, एक पिस्त्याची, एक साधी. मग ती ट्रेकडे बघत राहिली... बघत राहिली... आणि अशी किंचाळली की शेजारच्या काकू दारात आल्या. "जोडी उचलली की एक पिस्तेवाली जाते न एक साधी! पन खाल्लेले दोन्ही कोपरे पिस्तेवालेच असते! मंग पिस्तेवाल्या न साध्या सारख्या उरनारच कशा?"

दहावीला गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी रडणारी मी... मला ते गॅसजवळ उभ्याउभ्या समजलं. होत नाही हेसुद्धा असं लख्ख दाखवता येतं! मी ऋतुजाइतक्याच मोठ्याने हसले असेन. ताई माझ्याकडे वळल्या. "आठवीचं मी सांगत नाई. आई तू हायेस. तू सांग."

इतकं अडूनही तिला गणित नकोसं झालं नव्हतं. मी हो म्हटलं. ताईंनी फक्त दोन गोष्टी बजावल्या. मधली सुट्टी आणि खो-खो सहावीच्याच मुलींसोबत; आणि ज्या दिवशी ऋतुजा परत सहावीत बसायचं म्हणेल, त्या दिवशी कोणी कारण विचारायचं नाही.

दिवाळीआधीच्या चाचणीत तिला वीसपैकी सहा पडले. यजमानांचं तोंड उतरलं, दुकानात लोक विचारत होते ना! ऋतुजा खोलीचं दार लावून बसली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ताई हजर. उत्तरपत्रिका हातात घेतली आणि लॉटरी लागल्यासारख्या खुलल्या. "अवं, ह्या चुका तं पाह्य किती झाक हायेत! ही चूक कोनी शिकवलेली नाई, हिची सोताची हाये. आजवर हिले कठीन असं काही भेटलंच नव्हतं. आता भेटलं!" मग दाराशी जाऊन विचारलं, "जातं काय व परत सहावीत?"

आतून आवाज आला, "नाई. पन हे उने चिन्ह कंसात गेलं की काय होते, थे सांग मले." दार उघडलं. त्या दोघी जेवायलाही उठल्या नाहीत. पुढच्या चाचणीत चौदा आले, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आठवीतल्या दोन मुली रविवारी आमच्या घरी अभ्यासाला यायला लागल्या.

कारंज्याचं घर आवरताना यजमानांनी ताईंची एकच वस्तू आणली, त्यांचं सागवानी टेबल. आमच्या बैठकीत ते मावत नाही, येणारा-जाणारा कोपऱ्याला धडकतो. त्यावर खडूची पांढरी पूड अशी मुरली आहे की कितीही पुसलं तरी हाताला लागते. ऋतुजाला अडलं की विचारायला आता फोनवर कोणी नाही, म्हणून संध्याकाळी मीच तिच्याजवळ जाऊन बसायला लागले. आधी नुसती सोबत म्हणून. मग एकदा पेन्सिल घेतली.

परवा मुख्याध्यापिकांनी विचारलं, पुढच्या वर्षी सातवीतून नववीच्या तासाला पाठवायचं का? घरी येऊन मी टेबलाशी बसले. ऋतुजाने एक उदाहरण माझ्यापुढे सरकवलं, स्वतःही सोडवू लागली. माझं उत्तर तिच्या आधी आलं. तिने दोनदा तपासलं. "आई! बरोबर हाये!"

"मंग नववीचं पुस्तक आनायचं काय?" मी विचारलं.

"आन," ती म्हणाली, "पन दोन आनजो. एक तुह्यासाठी."