वेगळी वाटी

"मैडम, आप बताइए. इनसे बाद में पूछेंगे."

फॉर्म भरून झाल्यावर डॉक्टरांचं पहिलं वाक्य हे. मी त्यांच्या अगदी समोर बसलो होतो. टेबलावर ठेवलेले माझे हात थरथरत होते, हे खरं. पण त्या दिवशी सकाळपासून मी प्यालो नव्हतो. मला बोलता येत होतं. कधीपासून पितो, किती पितो, कोणत्या दिवशी जास्त पितो, हे मला बायकोपेक्षा अधिक नेमकं माहीत होतं. दोन वर्षांच्या नोंदी माझ्या खिशातल्या डायरीत होत्या. रोज चार पेग, शनिवारी सहा. मी केंद्र सरकारच्या एका खात्यात आकडेवारीच्या विभागात काम करतो. मोजणं हा माझा स्वभाव आहे. पिणंसुद्धा मी मोजलं, थांबवलं मात्र नाही.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून सांगायला लागली.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. आमच्या दिल्लीतल्या मयूर विहारच्या सोसायटीपासून पुढे नोएडात नवे सेक्टर वसत होते, आणि त्यांतल्या एका काचेच्या इमारतीत हे क्लिनिक होतं. एसी, मऊ सोफे, भिंतीवर हसऱ्या कुटुंबाचा फोटो. आमच्या आधी एक तरुण गृहस्थ आत गेले होते, कुठल्याशा परदेशी कंपनीतले. डॉक्टर त्यांना दारापर्यंत सोडायला आले. त्या गृहस्थांच्या हातात गोळ्यांची स्ट्रिप होती आणि छापील कागद. डॉक्टर बोट ठेवून एकेक ओळ समजावत होते. "कोई भी डाउट हो, सर, फ़ोन कीजिए." मला बरं वाटलं. म्हटलं, इथे नीट सांगतात.

मग आम्ही आत गेलो. डॉक्टरांनी आडनाव विचारलं. पेन थांबलं.

"महाराष्ट्र से? अच्छा. एस.सी.?"

मी हो म्हणालो. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

"तो घर में सब पीते होंगे. पिताजी भी?"

मी तोंड उघडलं तेव्हा पेन पुढच्या रकान्यात गेलं होतं. माझं आयुष्य लोकांनी भरलेले फॉर्म तपासण्यात गेलंय, त्यामुळे उलट्या बाजूने वाचायची सवय आहे. इंग्रजीत लिहिलं होतं : घरात मद्यपान, होय. समाजात सर्वसाधारण. पेशंटला स्वतःच्या आजाराची जाण, शून्य.

माझे वडील रेल्वेत खलाशी होते. नागपुरात दीक्षा घेतली त्या दिवसापासून त्यांनी दारूला बोट लावलं नाही. आमच्या चाळीत पगाराच्या दिवशी बाटली आली तर ते उठून बाहेर जाऊन बसायचे. घरात पिणारा पहिला माणूस मी. शिकलेला, दिल्लीत आलेला, फ्लॅटवाला मी. वडिलांच्या नावावर माझा रोग चढवला गेला, आणि मी गप्प बसलो. हात थरथरत असले की माणूस आपला हक्क पण विसरतो.

मला बाहेर बसायला सांगितलं. बायको आत वीस मिनिटं होती. मी घड्याळ बघत होतो. बाहेर आली तेव्हा तिच्या पर्समध्ये काहीतरी होतं, आणि माझ्या हातात व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या गेल्या.

मी पिणं कमी केलं. चारवरून दोनवर आलो, मग एक दिवस शून्यावर, आणि शून्य टिकवायचं ठरवलं.

त्यानंतर लगेचच घरात एक बदल झाला. आमच्याकडे आमटीचं पातेलं टेबलावर मध्ये असतं. ज्याला हवी तो वाढून घेतो. आता माझी वाटी स्वयंपाकघरातून भरून येऊ लागली. इतरांना पातेल्यातून. मला वाटीतून.

पहिल्या दिवशी लक्ष गेलं नाही. तिसऱ्या दिवशी गेलं.

"माझी वेगळी का?"

"तुम्हाला तिखट कमी," बायको म्हणाली.

मला तिखट कधीच कमी नव्हतं.

माझी मुलगी तेव्हा दहावीत होती. दिल्लीतच वाढलेली, मराठी अर्धी हिंदीच. ती हसून म्हणाली, "बाबा, तुमची तो व्हीआयपी वाली दाल आहे यार!"

मला हसू आलं नाही. आजोबा सांगायचे, गावच्या हॉटेलात त्यांचा कप बाहेर खिळ्याला टांगलेला असायचा. स्वतः काढायचा, पिऊन स्वतः धुवायचा, परत टांगायचा. मी तो कप पाहिलेला नाही. पण माझ्यासमोर वेगळी भरलेली वाटी आली की मला तोच खिळा दिसतो. स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोच्या हातून आली तरी. रोजच्यासारखी डायरीत नोंद केली : वेगळी वाटी, दिवस तिसरा.

एकोणिसाव्या दिवशी ऑफिसात एका सहकाऱ्याचा निरोपसमारंभ होता. दुपारी साडेचारला. मी एक पेग घेतला. इतक्या दिवसांनी, एकच. दहा मिनिटांत चेहरा पेटल्यासारखा झाला, छाती धडधडू लागली, श्वास पुरेना. मी नाडी मोजली. मिनिटाला एकशे बत्तीस. मग ओकलो, साहेबांच्या गालिच्यावर. कोणीतरी मागून म्हणालं, "देखो, चढ़ गई." एका पेगने.

सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत डॉक्टरने विचारलं, "कोई दवा चल रही है?"

"व्हिटॅमिन," मी म्हणालो. "और कुछ नहीं."

बायको तोपर्यंत ऑफिसातल्या कोणाच्या तरी गाडीतून पोचली होती. माझ्या शेजारीच उभी होती. तिने हे ऐकलं.

डायरी चाळताना तो एक पेग आणि वेगळी वाटी मी शेजारी ठेवून पाहिली. त्यानंतरच्या रविवारी दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो. माझी वाटी आली. मी बायकोच्या चेहऱ्याकडे बघत ती उचलली आणि मुलीपुढे सरकवली.

"आज तू घे व्हीआयपी वाली."

मुलीने चमचा घातला. बायको खुर्ची पाडून उठली. "नको! ती नको!" तिने वाटी हिसकली. आमटी टेबलक्लॉथवर सांडली.

मुलगी एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे बघत होती.

मग बायकोने डाळीच्या डब्याच्या मागून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत पांढऱ्या कागदाच्या पुड्या. कशावर काही लिहिलेलं नाही. नाव नाही, मात्रा नाही, तारीख नाही. मी मोजल्या. अकरा उरल्या होत्या.

"डॉक्टर म्हणाले, यांना सांगू नका. इन लोगों को बताओ तो लेते नहीं, असं म्हणाले."

"इन लोगों को?"

"तसंच म्हणाले."

"आणि मी पार्टीत पडलो तेव्हा?"

"मी फोन केला त्यांना. म्हणाले, अच्छा हुआ, डर बैठेगा. चालू रखिए."

"कॅज्युअल्टीत मी खोटं बोललो. मला माहीतच नव्हतं खोटं बोलतोय ते. तू उभी होतीस."

"अहो, मी काय करू?" ती ओरडली. "सहा वर्षं. सहा वर्षं मी बाल्कनीत उभी राहून तुमच्या ऑफिसची चार्टर्ड बस बघतेय. सगळे उतरतात, तुम्ही उतरत नाही. हिच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी तुम्ही दारात पडला होतात. सोडता का, म्हणून तुम्हाला किती वेळा विचारलं? पन्नास वेळा हो म्हणालात."

तिचा आकडा चूक नसावा. तिच्यावर मला रागावता आलं नाही. पिणारा मी होतो. पण माझ्या शरीरात काय चाललंय हे दोन माणसांना माहीत होतं, आणि मी त्यातला नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. अकरा पुड्या जेवणाच्या डब्यात घातल्या. बायकोला म्हटलं, चल. ती आली.

डॉक्टरांनी पुन्हा तिच्याकडे पाहिलं. "हाँ मैडम, बताइए."

"मुझसे बात कीजिए," मी म्हणालो.

माझा आवाज मला अनोळखी वाटला. मी पुड्या टेबलावर ओळीने लावल्या. म्हटलं, यात काय आहे, नाव लिहा.

"नाम से क्या करेंगे? शराब कम हुई ना?"

"कोई और दवा ले लेता तो? दिल बंद हो जाता तो? मौत की वजह में क्या लिखते?"

"देखिए, आप समझेंगे नहीं."

"वो कंपनी वाले साहब समझ गए थे. उनको काग़ज़ दिया था आपने."

ते हसले. "आप तो पढ़े-लिखे लगते हैं."

मी म्हटलं, माझा केसपेपर काढा. माझ्या वडिलांच्या रकान्यात 'होय' लिहिलंय. ते चूक आहे. खोडा.

"इससे इलाज में क्या फ़र्क पड़ता है?"

"फ़र्क नहीं पड़ता तो लिखा क्यों?"

त्यांनी बेल वाजवली. पुढचा पेशंट दारात आला. मी उठलो नाही. बायको म्हणाली, "चला ना." मी उठलो नाही. तेव्हा तिने पर्स मांडीवर ठेवली आणि तीही बसून राहिली. डॉक्टरांनी केसपेपर ओढला आणि त्या ओळीवर रेघ मारली.

"खोडल्या जागी सही," मी म्हणालो. आमच्या ऑफिसात खाडाखोडीवर सही नसेल तर कागद परत जातो. डॉक्टरांनी मला वेडा समजलं असेल. समजू दे. सही केली. पुड्यांवर मात्र नाव लिहिलं नाही. शेवटपर्यंत नाही. त्या मी तिथेच ठेवून आलो, दोन सोडून.

त्या दोन घेऊन मी सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत गेलो. अडीच तास रांग. लाकडी बाक. डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी लक्षणं ऐकली आणि म्हणाल्या, बहुधा डायसल्फिराम. हे पोटात असताना दारू गेली की असंच होतं, कधी जिवावर बेततं. म्हणून पेशंटला सांगितल्याशिवाय देत नाहीत. पण नुसती पुडी बघून खात्रीने सांगता येणार नाही. मला तो 'बहुधा' आवडला. माहीत नाही तिथे माहीत नाही म्हणणारी ती पहिली डॉक्टर. तरी मी तिच्यावरही लगेच विश्वास टाकला नाही. आजही टाकत नाही. दर वेळी स्ट्रिप उलटून नाव वाचतो, मुदत बघतो, काय आणि कशासाठी ते विचारतो. मागे रांग कुरकुरते. कुरकुरू दे.

नंतर काही दिवसांनी, सगळ्या तपासण्या झाल्यावर, बाईंनी तेच औषध पुढे ठेवलं आणि विचारलं, घ्याल? मी रात्रभर विचार करायला वेळ मागितला. मग सही केली. आता सकाळी, बायकोसमोर, माझ्या हाताने घेतो. तिने बघावं ही अट मीच घातली. हे सुरू केल्यापासून तीनदा गोळी बंद करून प्यालो. तिन्ही तारखा केसपेपरवर आहेत. मीच सांगितल्या.

त्या नव्या फॉर्मवर घरच्या पिण्याचा रकाना होता. मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. वडील : कधीच नाही. आजोबा : माहीत नाही, कोरं ठेवा. मी : होय.

आमटीचं पातेलं पुन्हा टेबलावर मध्ये असतं. मी वाढून घेतो. दारू सुटेल की नाही, मला सांगता येत नाही. पण माझ्या ताटात आता कोणी वेगळी वाटी ठेवणार नाही. मला वाचवायलासुद्धा नाही.